धन-ऋण : चिन्हामागची दिशा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू भौतिकशास्त्र शिकवतोस, तर पंधरा मिनिटं तुझ्या विषयावर बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल." म्हणून सगळ्यांच्या ओळखीची दोनच चिन्हं घेऊन उभा आहे : अधिक आणि वजा.

हा विषय घेण्याला कारण आहे. अकरावीनंतर विज्ञान सोडू पाहणाऱ्या मुलांच्या वह्या मी बघतो. पुष्कळदा सूत्र बरोबर असतं, आकडेमोड बरोबर असते, उत्तराचा आकडाही बरोबर असतो. त्याच्या आधीचं चिन्ह तेवढं उलटं असतं. दहा वेळा असं झालं की मूल म्हणतं, "मला गणित जमत नाही." घरचे म्हणतात, "निष्काळजी आहे." मला यात निष्काळजीपणा फार कमी दिसतो. बहुतेक वेळा चिन्ह म्हणजे काय, हेच त्या मुलाला कोणी नीट सांगितलेलं नसतं. आज आपल्यापैकी अनेकांची मुलं आणि काहींची नातवंडं त्या वयाची आहेत. म्हणून हे तुमच्यापुढे मांडतो.

अर्धं काम आपल्या भाषेनंच करून ठेवलं आहे. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : 'वजा' आणि 'ऋण'. 'सात वजा तीन' यातलं वजा ही क्रिया आहे. काढून टाक, असा तो हुकूम आहे. 'ऋण तीन' यातलं ऋण हे त्या संख्येचं वर्णन आहे; ही संख्या शून्याच्या पलीकडच्या बाजूची आहे, एवढंच ते सांगतं. आता सेमी इंग्रजीत शिकणारी मुलं दोन्हीला 'मायनस' म्हणतात. मग 'पाच मायनस मायनस तीन' असं वाचलं की त्यातून काहीच अर्थ लागत नाही. तेच 'पाच वजा ऋण तीन' असं वाचून बघा. पाचातून तीनाचं कर्ज काढून टाकायचं आहे. कर्ज काढून टाकलं की माणूस तेवढ्यानं वर येतो. उत्तर आठ.

कर्जाचं गणित आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली. ज्याचं दोन लाख माफ झालं, त्याच्या हातात एक नोटही आली नाही. तरी त्याची परिस्थिती दोन लाखांनी सुधारली. ऋण वजा झालं की धन होतं, ते असं.

आता विहिरीकडे येऊ. समजा, कठड्यापासून पाणी १५ मीटर खाली आहे. कठड्याच्या उंचीवरून एक दगड सरळ वर फेकला, सेकंदाला १० मीटर वेगानं. तो पाण्यात कधी पडेल? हिशोब सोपा व्हावा म्हणून गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १० धरू.

या गणितात मुलं हमखास एका जागी अडखळतात. ती म्हणतात, दगड वर जाताना गुरुत्वत्वरण ऋण, खाली येताना धन. हा नियम कुठून येतो कोण जाणे, पण तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. खरं म्हणजे पृथ्वी दगडाला वर जातानाही खालीच ओढते, खाली येतानाही खालीच ओढते. अगदी वरच्या टोकाला दगड क्षणभर थांबतो, तेव्हाही खालीच ओढते. मग चिन्ह मधेच कसं बदलेल? 'वर' ही दिशा धन ठरवली, तर गुरुत्वत्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऋण १०. बदलतो तो दगडाचा वेग : वर जाताना धन, खाली येताना ऋण.

याच्याच जोडीला आणखी एक गैरसमज असतो. 'ऋण त्वरण म्हणजे वेग कमी होणे' असं मुलं पाठ करतात. वर जाताना वेग धन आणि त्वरण ऋण, दोघांची तोंडं विरुद्ध, म्हणून दगड मंदावतो. खाली येताना दोन्ही ऋण, तोंडं एकाच बाजूला, म्हणून दगडाची गती वाढते. त्वरण तेव्हाही ऋणच असतं. एकट्या चिन्हावरून काही कळत नाही. दोन चिन्हं शेजारी ठेवून बघावी लागतात.

आता उत्तर काढू. वर धन. म्हणून पाण्याची जागा ऋण १५, फेकीचा वेग धन १०, त्वरण ऋण १०. लागणाऱ्या सेकंदांना क्ष म्हटलं, तर समीकरण असं येतं :

−१५ = १०क्ष − ५क्ष²

सगळीकडे पाचाने भागून मांडलं की : क्ष² − २क्ष − ३ = ०

याची उत्तरं दोन : क्ष = ३ आणि क्ष = −१.

तीन सेकंद हे उत्तर पटतं. दगड एका सेकंदात ५ मीटर वर गेला, दुसऱ्या सेकंदात परत कठड्यापाशी आला आणि तिसऱ्या सेकंदात १५ मीटर खाली गेला. कोणाला 'खाली' ही दिशा धन धरायची असेल, तर खुशाल धरा. सगळी चिन्हं उलटतील, समीकरण मात्र हेच येईल. दगड काही आपल्याला विचारून पडत नाही. फक्त अर्ध्या गणितात वर धन आणि उरलेल्या अर्ध्यात खाली धन, असं करू नका.

मग ऋण एक सेकंदाचं काय? वर्गात मुलं त्यावर काट मारतात आणि लिहितात, 'काळ ऋण नसतो'. काट मारा, पण ते उत्तर काय म्हणत होतं, हे आधी ऐकून घ्या. ते म्हणतं : दगड कठड्यावरून न फेकता पाण्याच्या पातळीवरून योग्य वेगानं वर उडवला असता आणि पुढे त्याची चाल हीच राहिली असती, तर तो तुमच्या शून्य सेकंदाच्या एक सेकंद आधी निघाला असता. समीकरणाला तुम्ही कठड्याशी उभे आहात, हे ठाऊक नाही. त्यानं प्रश्नाच्या मागची वाटही दाखवली. आपला प्रश्न पुढचा आहे, म्हणून ते उत्तर आपण घेत नाही.

ही गोष्ट आपल्याच मुलखातल्या एका माणसानं साडेआठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं, असं ते स्वतः सांगतात. इथून संभाजीनगर, कन्नड करत घाट उतरला की चाळीसगाव येतं. तिथल्या पाटणादेवीला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

त्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचं एक गणित आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतं आहे. तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, वजा तीन म्हणजे सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, जमलं. पाचाचा पाचवा भाग एक, वजा तीन म्हणजे ऋण दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक. आकड्यांत हेही जमलं. पण 'ऋण दोन माकडं' हे लोकांना पटत नाही, म्हणून भास्कराचार्य पाच हे उत्तर सोडून देतात. दोन्ही उत्तरं काढायची, दोन्ही तपासायची आणि मग कारण देऊन एक सोडायचं.

'लीलावती'त ते याच्याही पुढे जातात. त्रिकोणाचा पाया ९, उरलेल्या बाजू १० आणि १७. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला, तर पायाचे दोन भाग किती? उत्तर येतं ऋण ६ आणि १५. लांबी ऋण कशी? इथे मात्र ते उत्तर सोडून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, असं सांगतात. लंब पायावर पडतच नाही. पाया सहानं बाहेर वाढवला की तिथे पडतो, आणि १५ मधून ६ गेले की ९ उरतात. घरी गेल्यावर कागदावर आकृती काढून बघा, लंब बरोबर ८ येतो.

माकडं ऋण चालत नाहीत, अंतर ऋण चालतं. कारण माकडाला दिशा नसते, पायावरच्या अंतराला असते. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. चिन्ह वस्तूच्या अंगाला चिकटलेलं नसतं. कुठून मोजायचं आणि कोणती बाजू धन, हे आपण ठरवतो, आणि चिन्ह त्या ठरावाप्रमाणे येतं.

'ऋण गुणिले ऋण धन का?' हा प्रश्न प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतंच. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली हा नियम लिहिला, पण नियम सांगून मुलाचं समाधान होत नाही. त्याला विहिरीपाशी न्या. मार्चमध्ये पाणी आठवड्याला दोन फूट उतरतं आहे असं धरा, म्हणजे दर ऋण २. तीन आठवड्यांनंतर पाणी आजच्यापेक्षा सहा फूट खाली : ऋण २ गुणिले ३, ऋण ६. आता तीन आठवड्यांपूर्वी पाणी कुठे होतं? काळ ऋण ३, दर ऋण २. पाणी आजच्यापेक्षा सहा फूट वर होतं. धन ६. शेतकऱ्याच्या घरातलं मूल हे लगेच सांगतं, त्याला नियम लागत नाही.

विहिरीतच आणखी एक खाच आहे. भूजलाची पातळी जमिनीपासून खाली किती मीटर, अशी मोजतात. आकडा ८ वरून ११ झाला, तर आकडा वाढला आणि पाणी घटलं. आकड्याच्या वाढीलाच पाण्याची वाढ समजणारा माणूस भर दुष्काळात सुकाळ वाचेल. आपल्याकडे २०१२-१३ चं साल ज्यांनी काढलं, त्यांना हा फरक किती महागाचा आहे ते सांगायला नको.

व्यापारातले मित्र इथे बरेच बसले आहेत. मोंढ्यात आडत्याकडे सोयाबीन घातलं आणि पैसे राहिले, तर शेतकऱ्याच्या वहीत ते येणं आणि आडत्याच्या वहीत देणं. रक्कम एकच, व्यवहार एकच, वह्या दोन म्हणून चिन्हं दोन. बारावीच्या मुलांना नेमका असाच त्रास होतो. भौतिकशास्त्रात वायूनं केलेलं काम धन धरतात, रसायनशास्त्रात वायूवर केलेलं काम धन धरतात. मुलाला वाटतं, दोनपैकी एक पुस्तक चुकलं आहे. पुस्तकं दोन्ही बरोबर आहेत. वही कोणाची, एवढंच विचारायचं. विजेचंही तसंच. धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात रूढ केली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि त्या जुन्या ठरावानुसार तो ऋण निघाला. म्हणून तारेत इलेक्ट्रॉन एका दिशेनं जातात आणि आपण विद्युतधारा उलट दिशेनं दाखवतो. ठराव बदलला नाही, कारण सगळे तो पाळत असतील तर हिशोब कुठेच बिघडत नाही.

चिन्हाचा आकारसुद्धा ठरावच. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ऋण संख्येवर टिंब देतात. बख्शाली हस्तलिखितात ऋण दाखवायला जे चिन्ह आहे, ते आजच्या अधिकासारखं दिसतं! आज आपण वापरतो ती दोन चिन्हं छापील पुस्तकात पहिल्यांदा आली १४८९ साली, जर्मनीत.

आणि मंडळी, आज या मांडवात बहुतेकांच्या नाकावर धन-ऋण बसलेलं आहे. चष्म्याचा नंबर ऋण असला म्हणजे डोळा कमी प्रतीचा, असं नव्हे. अंतर्गोल भिंगाची नाभी प्रकाश येतो त्या बाजूला मोजली जाते, म्हणून तो ऋण. तिथेही दिशाच.

मग मुलांना काय सांगायचं? आपले गणिताचे सर उदाहरण सोडवण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात एक बाण काढायचे आणि त्याच्या टोकाशी 'धन' लिहायचे, हे तुम्हाला आठवत असेल. तीच सवय लावा. आधी शून्य कुठे ते ठरवायचं, मग बाण काढायचा, मग आकडे चिन्हांसकट भरायचे, आणि गणित संपेपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. उत्तर ऋण आलं तर घाबरून खोडायचं नाही. बाणाच्या उलट बाजूला, असं ते वाचायचं. आणि 'ऋण क्ष' दिसला म्हणून तो ऋणच असेल असं समजायचं नाही; क्ष स्वतः ऋण ५ असेल, तर ऋण क्ष म्हणजे धन ५.

मूल चिन्ह चुकलं, तर 'निष्काळजी' म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा : "तू कोणती दिशा धन धरली होतीस?" निम्म्या वेळा ते स्वतःच चूक शोधेल. उरलेल्या वेळी त्यानं दिशा धरलीच नव्हती, हे तुम्हाला कळेल. दोन्हीत ते गणितातून उठून जाणार नाही.

गुरुजनहो, शेवटचा हिशोब तुमच्याशी आहे. तुमच्या वहीत आमच्या नावापुढे जे येणं आहे, ते आमच्या वहीत ऋण म्हणून लिहिलेलं आहे. त्याची माफी आम्ही मागत नाही. ते ऋणच राहू द्या.