जिस्पा ते सरचू : दुचाकीवरचा एक दिवस

मनाली-लेह रस्त्यावरचा जिस्पा ते सरचू हा टप्पा जेमतेम 85 किलोमीटरचा. सपाटीवर एवढ्या अंतराला दुचाकीस्वाराला दोन तास पुरतात. इथे मात्र दिवसाचा बराचसा भाग जातो. भागा नदीकाठचे जिस्पा सुमारे 3,200 मीटर उंचीवर आहे. तिथून रस्ता बारालाचा खिंडीत 4,890 मीटरपर्यंत चढतो आणि पलीकडे सरचूच्या पठारावर सुमारे 4,250 मीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे या प्रवासाचा हिशोब किलोमीटरपेक्षा उंचीवर आणि घड्याळावर जास्त बांधलेला असतो.

निघायचे ते पहाटे. रात्रीच्या थंडीत वरचे बर्फ वितळायचे थांबलेले असते आणि रस्ता ओलांडणाऱ्या नाल्यांना सकाळी पाणी कमी असते. ऊन चढले की तेच नाले दुपारपर्यंत फुगतात. पेट्रोलची सोय आदल्या दिवशीच, चंद्रा-भागा संगमावरच्या टांडीत केलेली असते. पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचा तिथला फलक या वाटेवरच्या प्रवाशांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

दारचा आणि पात्सियो मागे पडल्यावर झाडी संपते. झिंगझिंगबारच्या पुढे वितळत्या बर्फाचे पाणी रस्त्यावर येते. पाण्याखाली गोल, गुळगुळीत धोंडे असतात. अशा जागी आधी उतरून तळ आणि पाण्याची ओढ पाहतात. मग पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर आणि नजर समोरच्या काठावर. मध्येच ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला की तोल जातो. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर लगेच स्टार्टर मारत नाहीत. ती ढकलत बाहेर काढून एअर फिल्टरमध्ये पाणी गेले आहे का ते आधी बघतात, कारण सिलिंडरमध्ये पाणी ओढले गेले तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबून सुकवतात.

भागा नदी जिथून निघते तो सूरजताल ओलांडला की खिंड येते. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी पडते, पण पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. मिश्रण घट्ट होते, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि गाडी थांबवली की इंजिन बंद पडू पाहते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण आपोआप जुळते, तरी ताकद घटतेच. माणसाचीही तीच गत होते. चार पावले चालले तरी धाप लागते, म्हणून खिंडीत फार वेळ रेंगाळत नाहीत.

उतरणीला गाडी खालच्या गिअरवर ठेवतात. भार इंजिनावर राहतो आणि ब्रेक तापत नाहीत. भरतपूरच्या तंबूंमध्ये चहा आणि गरम मॅगी मिळते. पुढे युनाम नदीच्या कडेने रस्ता सरचूला पोहोचतो. दुपारनंतर इथे बोचरे वारे सुटतात, म्हणून तंबू गाठायचा तो त्याआधी.

खरी परीक्षा रात्री असते. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. इथे ती एकदम हजार मीटरने वाढते. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही विरळ हवा बाधल्याची पहिली लक्षणे. ती वाढत गेली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय. पण सरचूच्या दक्षिणेला बारालाचा आणि उत्तरेला 5,000 मीटरहून उंच लाचुलुंग. कुठल्याही बाजूने खाली जायचे तर आधी वर चढावे लागते. म्हणून जिस्पा किंवा केलांगला एक जादा मुक्काम करून शरीराला सवय लावणे आणि डोके दुखत असेल तर त्या दिवशी पुढे न निघणे, हेच शहाणपणाचे ठरते.