जर्नैलसिंग : बचावफळीतला शेतकरी

परप्रांतात पाय रोवणे काय असते हे आम्ही जाणतो. म्हणून जर्नैलसिंग आम्हांस जवळचे वाटतात. पंजाबच्या शेतकरी घरातला हा मुलगा १९४७ च्या फाळणीत अकराव्या वर्षी निर्वासित झाला. पुढे कलकत्त्यात मोहन बागानची बचावफळी त्याने दशकभर सांभाळली. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडले, तेव्हा प्रशिक्षक रहीम यांनी या बचावपटूला चक्क आघाडीवर धाडले! (आमच्या कचेरीत जखमी माणसास रजा मिळते, बढती नव्हे.) उपान्त्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला, दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक आले. पुढे प्रशिक्षक झाल्यावर १९७४ च्या हंगामात त्यांच्या पंजाबने संतोष करंडक जिंकला, तोही ज्या बंगालने त्यांना नाव दिले, त्याच बंगालला ६-० असे हरवून.