घारापुरी : लेणी जपली, माणसांचे काय?

(वाळूज येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाळूजसारख्या कारखान्यांच्या गावी समुद्रातल्या बेटाची चर्चा कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु वेरूळचे एकोणतिसावे लेणे, म्हणजे धुमार लेणे, पाहिलेला माणूस मुंबई बंदरातल्या घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिरला की ओळखीच्या घरात आल्यासारखा थबकतो. तीनही दिशांनी आत येणारा उजेड तोच, उशीसारख्या माथ्याचे जाड खांब तेच, कैलास हलविणारा रावणही तोच. या दोन्ही ठिकाणांना जोडणारा आणखी एक धागा आहे. तो लेण्यांचा नसून माणसांचा आहे.

घारापुरीचे शैव लेणे सहाव्या शतकातले. बहुतेक अभ्यासक ते कलचुरी राजांच्या काळात घालतात, कारण कृष्णराजाची तांब्याची हलक्या किमतीची नाणी बेटावर विपुल सापडली. ती लेणे खोदणाऱ्यांची मजुरी असावी, असा तर्कही मांडला गेला आहे. राजाचे नाव इतिहासाने राखले. ज्यांनी साडेपाच मीटर उंचीचा सदाशिव कातळातून काढला, त्यांची खूण उरली असेल तर या नाण्यांतच.

बेट १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेले. बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी त्यास 'एलिफंटा' म्हटले. लेण्यातला शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला धाडला. तो कोणास वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. खुद्द हत्तीही इंग्रजी अमदानीत बेटावर राहिला नाही. तो आधीच ढासळला होता. त्याला विलायतेला नेण्याचा बेत फसला आणि अखेर त्याचे तुकडे जोडून तो भायखळ्याच्या बागेत उभा करण्यात आला. तेव्हा लेण्यांना कायद्याचे संरक्षण हवे होते, यात शंका नाही. ते १९०९ साली मिळाले. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

परंतु या बेटावर केवळ लेणी नाहीत. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, त्यांची ग्रामपंचायत आहे. मासेमारी, थोडी शेती आणि पर्यटकांवर चालणारा किरकोळ व्यापार यांवर हजार-बाराशे माणसे जगतात. सोमवारी लेणी बंद राहतात, त्या दिवशी गिऱ्हाईकही बंद. रात्री कोणी आजारी पडले तर होडीवाचून वाट नाही.

या वस्त्यांना अखंड वीज कधी मिळाली? २०१८ साली, समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकल्यानंतर. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लागत. एका बाजूस मुंबई झगमगत होती, दुसऱ्या बाजूस १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर रात्रभर उजळत होते. दगडाला कायद्याचे छत्र १९०९ साली मिळाले. त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला दिवा मिळायला आणखी १०९ वर्षे लागली.

१९८५ साली राज्य शासनाने संपूर्ण बेट आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचा समुद्र प्रतिबंधित क्षेत्र ठरविला. त्याच वर्षी वाळूजला स्कूटरचा मोठा कारखाना सुरू झाला. इथे जमिनी गेल्या त्या कारखाने बांधण्यासाठी. तिथे बंधने आली ती बांधकाम रोखण्यासाठी. हेतू परस्परविरुद्ध, पण रीत एकच : गावाच्या मातीचे भवितव्य गावाबाहेर ठरले. घारापुरी ज्या उरण तालुक्यात आहे, तिथे नव्या मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये पाच आंदोलकांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. त्यांच्या बलिदानातूनच साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क उभा राहिला. न विचारता घेतलेल्या निर्णयांची किंमत या तालुक्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, बंधने सैल झाली की बेटावर हॉटेले उभी राहतील. ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच बंधने उठवावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण वाढत्या कुटुंबासाठी कोळ्याने बांधलेली एक खोली आणि बाहेरच्या भांडवलदाराचे हॉटेल यांना एकाच मापाने मोजणे, हा न्याय नव्हे. घरांची वाढ कुठे आणि किती, हे ग्रामसभेला सोबत घेऊन ठरवावे, ते लिखित असावे आणि सर्वांनी पाळावे. पर्यटकांच्या प्रवेशशुल्कातला ठरावीक वाटा बेटावरचे पाणी, शाळा आणि दवाखाना यांवर खर्च व्हावा. लेण्यांच्या देखभालीत बेटावरच्या तरुणांना पहिला मान असावा. ज्याचे पोट लेण्यावर चालते, तो लेण्याला ओरखडा पडू देत नाही. पहारेकऱ्याची पाळी संपते. रहिवाशाची संपत नाही.

हा शिल्पाविरुद्ध माणूस असा झगडा नाही. दीड हजार वर्षांपूर्वी लेणे खोदणाऱ्याच्या हाती मजुरीचे नाणे तरी पडले असावे. आज ते राखणाऱ्या बेटाला निर्णयात जागा मिळावी, एवढीच मागणी आहे. वाळूजच्या श्रमिकांना ती परकी वाटू नये.