मसलत आणि कागद



राज्य एकट्याने चालत नाही, हे प्रत्येक राजाला ठाऊक असतं. म्हणून तो मंडळ नेमतो. प्रश्न असा, की त्या मंडळात ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं? शिवाजी महाराजांचे अष्टप्रधान आपण अभिमानाने सांगतो, पण ते आपापल्या खात्याचे कारभारी होते. प्रत्येकजण थेट महाराजांना जबाबदार. मतं मोजून निर्णय घेणारं मंडळ ते नव्हतं.

तसं मंडळ हिंदुस्थानात ठळकपणे दिसलं ते 1774 साली कलकत्त्यात. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि चार सभासद. प्रत्येकाला एक मत. फ्रान्सिस, क्लेव्हरिंग आणि मॉन्सन जहाजातून उतरले तेच हेस्टिंग्जच्या विरोधात. तीन विरुद्ध दोन! जवळजवळ दोन वर्षं राज्याचा प्रमुख स्वतःच्याच मंडळात अल्पमतात बसला होता.

याचा धक्का थेट पुण्यापर्यंत पोचला. मार्च 1775 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला. साष्टी आणि वसईवर त्यांचा डोळा होता. कलकत्त्याने तो तह अमान्य केला. हेस्टिंग्जलाही तो पटलेला नव्हता; पण सुरू झालेली लढाई अर्ध्यावर सोडू नये, असं त्याचं म्हणणं. बहुमताने ते डावललं. अप्टन नावाचा वकील पाठवला आणि मार्च 1776 मध्ये पुरंदरचा तह झाला. समोर कोण बसले होते? बारभाई! तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाकणारं आपलं मंडळ. सखारामबापू बोकील आणि नाना फडणवीस त्याचे म्होरके. पण बारभाईंना लिखित नियम नव्हता. मतभेद झाला की तो मनात राहायचा, मग कटात उतरायचा. 1779 मध्ये सखारामबापू नानांच्याच कैदेत गेले.

कलकत्त्यातही काही साधुसंत नव्हते. 1780 मध्ये हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले, फ्रान्सिस जखमी झाला. तरी त्यांचं भांडण कागदावर होतं. 1786 मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला मंडळाचं मत डावलायचा अधिकार मिळाला, तोही दोन्ही बाजूंची मतं लेखी आल्यावरच. मला हे कलम हेस्टिंग्जच्या साऱ्या पराक्रमांहून मोठं वाटतं.

लेखी मतभेदाचीही एक मर्यादा आहे. कधीतरी खुर्ची सोडावी लागते. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण सुरू केलं, तेव्हा सरकारशी पटेना म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून तिघांनी राजीनामे दिले: होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपल्या विदर्भाचे लोकनायक बापूजी अणे. परक्यांच्या सरकारात मानाची जागा होती, तीही सोडली.

आणि स्वकीयांच्या राज्यात? 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला जाग आली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. सहाच्या बैठकीत आधीच झालेल्या निर्णयाला मान्यता दिली गेली. त्या मंत्रिमंडळात मोठमोठी माणसं होती, आपले यशवंतरावही परराष्ट्रमंत्री होते. त्या दिवशी एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये कोणत्या दिवशी कोण काय म्हणालं हे आज कागद उघडून वाचता येतं. या पहाटेचं मात्र आठवणींतून आणि शहा आयोगापुढच्या साक्षींतून जुळवावं लागतं.

1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 352 मध्ये एक अट घातली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काहीजण उद्या सचिवालयात, जिल्हा परिषदेत, एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळात टिपणी लिहायला बसतील. सही आधी आणि बैठक नंतर, असा आग्रह तिथेही होईल. तेव्हा हे कलम काढून समोर ठेवा.