पंखांचा घोडा



आज मी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांवर बोलणार आहे. शिक्षण, रोजगार, वसतिगृह सोडून हे काय काढलं, असं काहींना वाटेल. पण आपलं भंडाऱ्यातलं मूल पहिलीत जातं तेव्हाचं बघा. घरी हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, गल्लीत झाडीबोली आणि पुस्तकात एकदम प्रमाण मराठी. शब्द अडला तर त्याला आधार कशाचा? चित्राचा. चित्र बघून ते अंदाज बांधतं. शाळेचं तोंड न पाहिलेली दादीसुद्धा चित्रपुस्तक मांडीवर घेऊन आपल्या बोलीत गोष्ट सांगू शकते. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तरी सांगतो, हे मोबाइलवर होत नाही. तिथे मूल गप्प बसतं.

मराठीत या कामात माधुरी पुरंदरे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. ‘राधाचं घर’ बघा. त्यात उपदेश नाही, घरातली माणसं आहेत. आता राधाच्या शेजारी राहणारी सकीना कुठे आहे? ती आपणच लिहायला हवी होती.

आपल्याकडे मुलाला पुस्तक द्यायचं म्हणजे अक्षरओळखीचं, नाहीतर दीनियातचं. दोन्ही हवीतच. पण गमतीचं पुस्तक म्हणजे वेळ वाया, आणि चित्र म्हटलं की काही घरांत कपाळाला आठी पडते. मी आलिम नाही, फतवा देत नाही. फक्त अबू दाऊदच्या हदीससंग्रहातला एक प्रसंग आठवून देतो. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबरांनी (स.) विचारलं, घोड्याला पंख? त्या म्हणाल्या, हजरत सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकलं नाही का? यावर पैगंबर (स.) खळखळून हसले. त्यांनी तो घोडा काढून टाकायला सांगितला नाही.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं ‘इस्मत्स ईद’ मला फार आवडतं. लेखिका फौजिया गिलानी-विल्यम्स, चित्रं प्रोइती रॉय यांची. नवा पायजमा लांब होतो, घरातला जो तो गुपचूप तो कापून आखूड करतो, एवढीच गोष्ट. मूल पोट धरून हसतं. पण आपली मुलं पुस्तकात फक्त ईदलाच दिसावीत का? रोवणीच्या पावसात बोडीतला मासा छत्री मागायला दारात येतो आणि दार उघडते सकीना, अशी गोष्ट का नको?

यासाठी पैसा फारसा लागत नाही. प्रथम बुक्सने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. श्रेय देऊन भाषांतर करा, बदला, छापा, सगळं चालतं. चित्रंही तिथेच मिळतात, त्यांवर आपली गोष्ट रचता येते. भाषांतर करताना मात्र पुस्तकी मराठीच्या मागे लागू नका. घरातल्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ते उठून पळेल, ती ओळ बदला.

आपल्यात चित्र काढणारे तिघे-चौघे आहेत, मला ठाऊक आहे. पहिली गोष्ट कोणती घ्यायची, ते चहा पिता पिता आत्ताच ठरवू.