केडगावची मुक्ती

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला खरा. पण आपण काय मानावं हे धर्मगुरूंनी ठरवावं, हे त्यांना कधीच पटलं नाही. पत्रांतून त्यांनी चांगलाच वाद घातला! पुढे भारतात १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला. शेकडो ताटं रोज वाढायची तर नुसता कळवळा पुरत नाही; कोठार लागतं, हिशेब लागतो. म्हणजे धर्मगुरूंचा अधिकार न मानणाऱ्या रमाबाईंनाही संस्था उभारावीच लागली. मात्र ‘मुक्ती’ ही आपली संस्था त्यांनी कुठल्याही एका पंथाला बांधली नाही. १९२२ साली त्या गेल्या; केडगावचं काम आजही सुरू आहे.