वंशावळ कुणाची लिहिली जाते?

१८१७ च्या नोव्हेंबरात याच सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राज्याची मालकी दत्तकाच्या प्रश्नावर ठरणार होती. म्हणूनच दुसऱ्या रघूजींची विधवा बांकाबाई हिचे नातेगोते सरकारी दप्तरात जपले गेले.

कामठीपर्यंत ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरींची वंशावळ लिहिण्याची गरज कोणत्या सरकारला होती? त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, दलित मुलींसाठी त्यांनी नागपुरात शाळा काढली. अशा स्त्रियांची चरित्रे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी प्रत्यक्ष भेटी घेऊन जमवली. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा त्यांचा ग्रंथ १९८९ मध्ये निघाला.

जिथे वारसा नाही तिथे नोंद नाही, हा दप्तराचा अर्थव्यवहार आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेला हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्यांच्या लेकी आता वृद्ध झाल्या आहेत. कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्या दारी जावे. आधी आईचे, आजीचे नाव विचारावे, मग माहेर, मग मजुरी.